नऊ पौंड पंधरा पेन्सचा शर्ट आणि अवघड प्रश्नपत्रिकेचे गणित

चीनच्या पूर्व किनाऱ्यावरील झेजियांग प्रांतात २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये इंग्रजीचा निकाल लागला आणि काही दिवसांतच तो मागे घेण्याची पाळी आली. बारावीनंतरच्या विद्यापीठ प्रवेशासाठी चीनमध्ये ‘गाओकाओ’ ही परीक्षा द्यावी लागते. २०१४ मध्ये जाहीर झालेल्या सुधारणेनुसार झेजियांगमध्ये तिच्यातील इंग्रजीचा पेपर वर्षातून दोनदा देता येतो आणि दोहोंपैकी अधिक गुण असलेला निकाल ग्राह्य धरला जातो. त्या नोव्हेंबरचा पेपर आधीच्या पेपरांपेक्षा अवघड निघाल्याचे परीक्षा मंडळाच्या लक्षात आले. दोन्ही निकाल तुलनायोग्य राहावेत म्हणून मंडळाने निवडक प्रश्नांचा गुणभार परीक्षेनंतर बदलला आणि याची पूर्वसूचना कोणालाही दिली नाही. पालक खवळले, प्रांतीय सरकारने चौकशी केली, चुकीच्या निर्णयामुळे घडलेला हा गंभीर प्रकार असल्याचे जाहीर झाले आणि ५ डिसेंबरला सर्वांचे मूळ गुण कायम करण्यात आले. प्रांताच्या शिक्षण विभागाच्या प्रमुखांना पद सोडावे लागले.

या प्रकरणाची चर्चा बहुतेक वेळा पारदर्शकतेच्या अंगाने होते आणि ते योग्यच आहे. मात्र त्यात दडलेला मोजमापाचा प्रश्न अधिक मूलभूत आहे. पेपर अवघड होता, म्हणून अवघड प्रश्नांना जास्त गुण द्यावेत, हे ऐकताना अगदी न्याय्य वाटते. तसे ते का नाही, हे समजण्यासाठी आधी हा पेपर कसा असतो ते पाहायला हवे.

गाओकाओचा इंग्रजीचा पेपर दीडशे गुणांचा असतो. सध्या अनेक प्रांतांत वापरल्या जाणाऱ्या आराखड्यात श्रवणाला ३० आणि वाचनाला ५० गुण आहेत. उरलेले गुण गाळलेल्या जागा, व्याकरण आणि लेखन यांचे. श्रवणाचे वीस प्रश्न असून प्रत्येकी दीड गुण व तीन पर्याय असतात. पहिले पाच छोटे संवाद एकदाच ऐकवतात, नंतरचे मोठे संवाद व निवेदने दोनदा. वाचनात उताऱ्यांवरचे पंधरा प्रश्न प्रत्येकी अडीच गुणांचे आणि चार पर्यायांचे असतात. शिवाय एका उताऱ्यातील पाच रिकाम्या जागांसाठी सात वाक्यांमधून पाच निवडायची असतात. यातले एक अक्षरही न कळलेल्या विद्यार्थ्याने डोळे मिटून खुणा केल्या, तरी त्याला श्रवणात सरासरी दहा आणि उताऱ्यांच्या पंधरा प्रश्नांत नऊहून थोडे अधिक गुण मिळतील. गुणपत्रिकेवरचा शून्य आणि ज्ञानाचा शून्य एका जागी नसतात, हे येथेच ध्यानात ठेवावे.

श्रवणाच्या विभागाच्या आरंभी नमुन्यादाखल दिला जाणारा एक प्रश्न चीनमध्ये पिढ्यान्‌पिढ्यांच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ आहे. शर्टाची किंमत किती? पर्याय पहिला, १९ पौंड १५ पेन्स. दुसरा, ९ पौंड १८ पेन्स. तिसरा, ९ पौंड १५ पेन्स. उत्तर तिसरे, असे सूचनेतच सांगितलेले असते. हा शर्ट तेथे विनोदाचा विषय झाला असून इतक्या वर्षांत त्याची किंमत एका पेन्सनेही वाढलेली नाही. वरवर पाहता प्रश्न चांगला आहे, कारण ‘नाइन’ आणि ‘नाइन्टीन’, ‘फिफ्टीन’ आणि ‘एटीन’ या जवळच्या ध्वनींतला फरक कानाला कळतो का, हे त्यातून तपासले जाते. पण पर्याय नीट न्याहाळा. नऊ पौंड दोन पर्यायांत आहेत, पंधरा पेन्सही दोन पर्यायांत आहेत आणि या दोन्ही गोष्टी एकत्र फक्त तिसऱ्या पर्यायात आहेत. चुकीचे पर्याय बरोबर उत्तरात एकेक बदल करून रचले जातात, हे जाणणारा चलाख विद्यार्थी ध्वनिमुद्रण न ऐकताच तिसऱ्यावर खूण करील. नमुन्याच्या प्रश्नात याने बिघडत काही नाही. खऱ्या प्रश्नात मात्र अशा रचनेमुळे इंग्रजी ऐकण्याऐवजी पर्याय वाचण्याचे कौशल्य मोजले जाते.

याहून अधिक प्रसार ठोकताळ्यांचा आहे. तीन पर्याय लांब आणि एक आखूड असेल तर आखूड निवडा, तीन आखूड आणि एक लांब असेल तर लांब निवडा, असा मंत्र चिनी शाळांमध्ये सर्रास सांगितला जातो. परीक्षेच्या दिवशी विजयाचा शकुन म्हणून आईने चिपाव हा पारंपरिक चिनी झगा घालून केंद्रापाशी उभे राहण्याची प्रथाही आहे. तिच्याविषयी मला तक्रार नाही, कारण ती उत्तरपत्रिकेत ढवळाढवळ करीत नाही. लांबी-आखुडीचा मंत्र मात्र करतो, कारण प्रश्न रचणाऱ्यांना तो पुरेपूर ठाऊक असतो आणि त्यावर विसंबलेला विद्यार्थी विचार करून मिळवता येणारे गुणही घालवतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गेऑर्ग राश या डॅनिश गणितज्ञाने १९५० च्या दशकाच्या आरंभी वाचनात मागे पडलेल्या मुलांच्या चाचण्यांची आकडेवारी तपासायला घेतली. मुलांना निरनिराळ्या वेळी निरनिराळ्या अवघडपणाचे उतारे वाचायला दिले होते. मग मूल सुधारले की उताराच सोपा होता, हे कसे ठरवायचे? या अडचणीतून पुढे १९६० मध्ये त्याने मांडलेले प्रारूप आज त्याच्याच नावाने ओळखले जाते. त्याची कल्पना कमालीची साधी आहे. विद्यार्थ्याची क्षमता आणि प्रश्नाचा अवघडपणा एकाच मापावर मांडायचे. दोन्ही समान असतील तर उत्तर बरोबर येण्याची शक्यता निम्मी. क्षमता अवघडपणापेक्षा एका एककाने जास्त असेल, तर बरोबर येण्याचे चुकण्याशी प्रमाण २.७१८ पट होते, म्हणजे यशाची शक्यता सुमारे ७३ टक्के. दोन एककांनी जास्त असेल तर सुमारे ८८ टक्के. एका एककाने कमी असेल तर २७ टक्के. या एककाला लॉजिट म्हणतात.

यातली खरी गंमत पुढे आहे. समजा, एका मुलीची क्षमता १ आणि एका मुलाची ० आहे. अवघडपणा ० असलेल्या प्रश्नावर मुलीचे बरोबर-चूक प्रमाण २.७१८ आणि मुलाचे १ आहे. आता अवघडपणा २ असलेला प्रश्न घेऊ. मुलीचे प्रमाण घसरून ०.३६८ होते, मुलाचे ०.१३५. भागाकार करून पाहा, उत्तर पुन्हा २.७१८ च येते. प्रश्न सोपा असो की अवघड, त्या दोघांमधले अंतर तेवढेच राहते. हेच उलट दिशेनेही खरे आहे. दोन प्रश्नांच्या अवघडपणातला फरक हुशार विद्यार्थ्यांवरून काढा किंवा सामान्य विद्यार्थ्यांवरून, तो सारखाच येतो. विद्यार्थी आणि प्रश्न यांची अशी फारकत करता आली, तरच ‘पेपर अवघड होता’ आणि ‘या वेळची मुले कच्ची होती’ ही दोन विधाने एकमेकांपासून वेगळी तपासता येतात.

या प्रारूपातून आणखी एक निष्कर्ष निघतो आणि झेजियांगच्या प्रकरणात तोच निर्णायक आहे. एकाच पेपरातील प्रश्न या प्रारूपाप्रमाणे वागत असतील, तर विद्यार्थ्याची क्षमता जाणण्यासाठी त्याचे एकूण किती प्रश्न बरोबर आले एवढे पुरते. कोणते बरोबर आले, याने अंदाज बदलत नाही. अवघड प्रश्न सोडवून सोपा चुकवणाऱ्याला सोपा सोडवून अवघड चुकवणाऱ्यापेक्षा जास्त गुण का नकोत, असे कोणीही विचारील. कारण असे की, जो अवघड प्रश्न सोडवतो त्याच्याकडून सोपा सुटणे अपेक्षितच होते आणि तो चुकला, हीदेखील त्याच्याविषयीची माहितीच आहे. दोन्ही बाजूंचा हिशेब केला की पारडे समान होते.

आता प्रत्यक्षात सर्व प्रश्न राशच्या प्रारूपात चपखल बसत नाहीत, हेही सांगायला हवे. काही प्रश्न चांगल्या आणि कच्च्या विद्यार्थ्यांना तीव्रतेने वेगळे करतात, काही करीत नाहीत. त्यासाठी प्रत्येक प्रश्नाला भेदनक्षमतेचे वेगळे मूल्य देणारी प्रारूपे आहेत, तसेच अंदाजपंचे उत्तरांचा हिशेब ठेवणारी तीन घटकांची प्रारूपेही आहेत. यांपैकी पहिल्या प्रकारात प्रश्नांना वेगवेगळे वजन मिळते, पण ते भेदनक्षमतेनुसार, अवघडपणानुसार नव्हे. एखादा प्रश्न इतका अवघड असेल की सर्वांनीच अंदाजाने खुणा केल्या, तर त्याचे उत्तर बरोबर येणे ही निव्वळ नशिबाची गोष्ट ठरते. अशा प्रश्नाचे गुण वाढवणे म्हणजे नशिबाचे गुण वाढवणे. शिवाय काही प्रश्नांचेच वजन बदलले, की त्याच पेपरात समान गुण मिळवलेले दोन विद्यार्थी वरखाली होतात आणि परीक्षा संपल्यावर क्रमवारी पालटते.

मग अवघड पेपराची भरपाई कशी करायची? प्रश्नांना हात न लावता संपूर्ण फूटपट्टी सरकवायची. समजा, जूनच्या आणि नोव्हेंबरच्या पेपरांबरोबर काही समान प्रश्न ठेवले आणि प्रत्येक पेपरातील प्रश्नांचा सरासरी अवघडपणा शून्य मानला. उदाहरणादाखल घ्या, समान प्रश्नांचा सरासरी अवघडपणा जूनच्या मापावर ०.२ आला आणि नोव्हेंबरच्या मापावर उणे ०.३. प्रश्न तेच असूनही नोव्हेंबरच्या इतर प्रश्नांच्या सोबतीत ते सोपे ठरले, याचा अर्थ नोव्हेंबरचा पेपर अर्ध्या लॉजिटने अवघड होता. तेव्हा नोव्हेंबरच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या क्षमतेत अर्धा लॉजिट मिळवायचा. नोव्हेंबरच्या सरासरी प्रश्नावर ५० टक्के यश मिळवणारी मुलगी जूनच्या सरासरी प्रश्नावर सुमारे ६२ टक्के यश मिळवील. सर्वांचे माप सरकते, क्रम कोणाचाच बदलत नाही. या प्रक्रियेला समतुल्यीकरण म्हणतात.

महाराष्ट्रात एमएचटी-सीईटी अनेक सत्रांत होते तेव्हा प्रत्येक सत्रातील विद्यार्थ्यांची शततमक श्रेणी (पर्सेंटाइल) काढतात, तेही समतुल्यीकरणच. मात्र ते सर्व सत्रांतील विद्यार्थी सरासरीने सारखेच आहेत या गृहीतकावर उभे आहे. झेजियांगमध्ये हे गृहीतक चालत नाही. आधीच्या फेरीला बसणारे आणि नंतर जूनमध्ये गुण सुधारण्यासाठी पुन्हा बसणारे हे गट वेगळे असतात, म्हणून तेथे समान प्रश्नांशिवाय गत्यंतर नाही.

आणि नेमके तेच चीनमध्ये कठीण आहे. गाओकाओच्या प्रश्नपत्रिका परीक्षेपूर्वी राष्ट्रीय गुपित मानल्या जातात, त्या तयार करणाऱ्यांना परीक्षा संपेपर्यंत बाहेरच्या जगापासून अलग ठेवले जाते आणि परीक्षेनंतर प्रश्न सर्वत्र छापले जातात. जुना प्रश्न पुन्हा वापरावा तर तो सर्वांना पाठ झालेला, नवा आधी तपासून पाहावा तर फुटण्याची भीती. तरीही प्रयत्न झाले. ग्वांगझौ येथील भाषातज्ज्ञ गुई शिचुन यांच्या पुढाकाराने ग्वांगदोंग प्रांतात १९८५ पासून इंग्रजीच्या प्रमाणित चाचणीचा प्रयोग सुरू झाला आणि १९९० च्या दशकात राशच्या प्रारूपाच्या आधारे वर्षावर्षांच्या पेपरांच्या समतुल्यीकरणावर तेथे गंभीर काम झाले. झेजियांगच्या निर्णयाच्या कितीतरी आधी देशात ही विद्या होती, ही त्या प्रकरणातली मला सर्वांत खटकणारी बाब आहे.

श्रवण आणि वाचन यांच्या बाबतीत मात्र प्रारूपालाही ताण पडतो. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर इतर प्रश्नांपासून स्वतंत्र आहे, असे ते गृहीत धरते. पण एकाच संवादावर तीन-चार प्रश्न असतील आणि सुरुवातीचे एक वाक्य कानावरून निसटले, तर ते सगळेच एकत्र कोसळतात. सात वाक्यांतून पाच निवडताना एक वाक्य भलत्या जागी घातले, की बहुधा दुसरीही जागा चुकते. म्हणजे कागदावरचे वीस प्रश्न माहितीच्या दृष्टीने वीसपेक्षा कमी भरतात. त्यात प्रश्न सोपे असले तर माप आणखी बोथट होते. यशाची शक्यता निम्मी असते तेथे प्रश्न सर्वाधिक माहिती देतो. असे वीस स्वतंत्र प्रश्न क्षमता सुमारे ०.४५ लॉजिटच्या प्रमाणत्रुटीने सांगतात, म्हणजे अंदाज साधारणपणे एवढा इकडेतिकडे होऊ शकतो. ज्या विद्यार्थ्याला ते सर्व ९० टक्के शक्यतेने सुटतात त्याच्या बाबतीत ही त्रुटी सुमारे ०.७५ पर्यंत वाढते. एका-दोन गुणांवर विद्यापीठ ठरत असताना हा आकडा लहान नाही.

चीनने २०१८ मध्येच इंग्रजी क्षमतेची नऊ पातळ्यांची राष्ट्रीय मानके लागू केली. श्रवण आणि वाचन यांतील प्रत्येक पातळीवर विद्यार्थ्याला काय करता आले पाहिजे, याची वर्णने त्यांत आहेत. पण पेपरातील कितव्या गुणाला कोणती पातळी सुरू होते, हे दरवर्षी समतुल्यीकरणाशिवाय सांगता येणार नाही. दुसरीकडे ग्वांगदोंग आणि बीजिंग येथे श्रवण-संभाषणाची परीक्षा संगणकावर घेतली जाते. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या प्रश्नसंचांवर बसवायचे झाले, तर दोन पेपरांचा फरक वर्षातून दोनदा काढून भागणार नाही. तो प्रत्येक संचासाठी काढावा लागेल.