उधारीची थंडी

परभणीतल्या आमच्या घरामागे कडुनिंबाची गच्च सावली आहे. तिथे मोगरा फुलत नाही, जास्वंद नुसती लांबत जाते. त्यामुळे ‘सावलीत खुलणारं झाड’ एवढं वाचून मी होस्टा या शोभेच्या पानांच्या झाडाच्या नादी लागलो, यात माझा फार दोष नाही. डोंगराळ भागातल्या एका रोपवाटिकेतून तीन गड्डे मागवले. पहिल्या पावसाळ्यात पानं अशी तरारली की शेजारचे काका विचारायला आले, ‘हे कुठलं अळू?’ दुसऱ्या वर्षी पानं निम्म्या आकाराची आली. तिसऱ्या वर्षी कुंडीत नुसती माती.

पण तोवर छंद लागला होता. होस्टा मूळ जपान, कोरिया आणि चीनकडची. नाव मिळालं ऑस्ट्रियाचे वनस्पतितज्ज्ञ निकोलाउस होस्ट यांच्यावरून, 1812 साली. निसर्गातल्या जाती फार तर काही डझन, पण माणसांनी नावं दिलेली वाणं हजारो! ‘ब्लू माउस इअर्स’ची पानं उंदराच्या कानाएवढी, तर ‘एम्प्रेस वू’ कमरेला लागते.

एवढी वाणं आली कुठून? पुष्कळशी आली ती एका चुकीतून. कोंबाच्या टोकाशी पेशींचे एकावर एक थर असतात. त्यातल्या एखाद्या थराची हरितद्रव्य बनवायची क्षमता गेली की पानाला पांढरी किंवा पिवळी किनार येते, किंवा मधला पट्टा फिका पडतो. म्हणजे एकाच पानात दोन वेगळ्या वारशांच्या पेशी शेजारी नांदतात. ‘हॅल्सियन’ या निळसर वाणातून ‘जून’ हे सोनेरी पोटाचं वाण असंच निघालं. अर्धापूरकडच्या केळीवाल्यांना ही गोष्ट वेगळी सांगायला नको. टिश्यू कल्चरच्या रोपांत एखादं भलतंच निघतं. ते उपटून बांधावर फेकतात. होस्टावाले त्याचं बारसं करतात.

या हौसेने एकदा चांगलीच फसगतही केली. पानांवर शाई फुटल्यासारखे डाग असलेली काही रोपं नवी वाणं म्हणून विकली गेली, आणि तो निघाला ‘होस्टा व्हायरस एक्स’. रोगट झाडाच्या रसातून, छाटणीच्या चाकूवरून तो दुसऱ्या झाडात जातो. त्यावर इलाज नाही, झाड काढून टाकायचं. केवडा रोग पडलेली भेंडी कुणी नवं वाण म्हणून बाजारात आणावी, तसलाच प्रकार.

निळ्या होस्टाची गंमत वेगळी. पानात निळा रंग नसतोच. कोबीच्या बाहेरच्या पानावर असतो तसा मेणाचा पातळ थर वर असतो आणि त्यावरून विखुरलेला प्रकाश निळसर दिसतो. अंगठ्याने चोळा, खाली साधा हिरवा. उन्हातान्हात हा थर झिजतो. आमच्याकडे मे महिन्यात सावलीतही पारा चाळिशी ओलांडतो, तिथे निळेपणाची काय कथा!

तरी माझे गड्डे मेले ते उन्हाने नव्हे. सावली होस्टाला चालते, पण थंडी तिला लागतेच. हिवाळ्यात पानं झडून गड्डा झोपी जातो, आणि किमान सहा आठवडे 4-5 अंशांजवळची थंडी मिळाली तरच नीट जागा होतो, असं वाढवणारे सांगतात. थंडीच्या लाटेत परभणीचा पारा 5 अंशांखाली जातो, वर्तमानपत्रात फोटोही येतात शेकोटीचे. पण ती चार पहाटांची मिजास. दुपारी स्वेटर काढून खांद्यावर टाकावा लागतो. पहिल्या वर्षीची तरारी डोंगरात आधीच खाऊन आलेल्या हिवाळ्यावर होती. उधारीची थंडी! ती संपली आणि गड्डाही खचत गेला.

खरा धक्का मला होस्टाच्या गोतावळ्याने दिला. शतावरीच्या कुळातली ही वनस्पती, आणि त्यातही तिची जवळची शाखा घायपाताची. आपल्या माळरानावर, बांधाला उन्हात काटे रोखून उभा असतो तोच घायपात! पेशीत डोकावलं तर दोघांच्याही गुणसूत्रांची ठेवण सारखी: थोडी लांबलचक, बाकी सगळी चिमुकली. निशिगंध आणि सफेद मुसळीही याच शाखेतल्या. जपानात होस्टाचे कोवळे कोंब ‘उरुई’ म्हणून भाजीला खातात, जशी आपल्याकडे मुसळीच्या भावकीतली फोडशी.

गेल्या वर्षी मी पुन्हा एक गड्डा आणला आणि डिसेंबरात, कोकोपीटमध्ये गुंडाळून, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवला. बायको म्हणाली, ‘मेथी कुठं ठेवू आता?’ सात आठवड्यांनी बाहेर काढला. फेब्रुवारीत तीन टोकदार कोंब वर आले, पानं तळहाताएवढी झाली, उन्हाळाही कसाबसा निघाला. आणि जुलैच्या एका रात्री गोगलगायींनी पानांची चाळण केली. 2022 मध्ये लातूर-बीडकडचं कोवळं सोयाबीन फस्त केलं, त्याच जमातीच्या. कुंडीभोवती आता चुन्याचं रिंगण आहे, आणि डिसेंबरपुरता एक कप्पा मी आतापासून मागून ठेवलाय.