पबवरच्या खोल्या (इंग्लंड)

इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत पबच्या वरच्या मजल्यावर नाहीतर मागच्या जुन्या तबेल्यात रात्रीपुरत्या भाड्यानं मिळणाऱ्या खोल्या. एका पबात बहुतेक वेळा पाचसहा, फार तर डझनभर. खाली बार, वर झोप, सकाळी नाश्ता. जुना शब्द 'इन'. आज पब आणि इन हे शब्द कुठेही कसेही वापरतात, पण मुळात ते वेगळे होते आणि सगळा घोळ तिथेच आहे.

सोळाव्या शतकात दुकानं तीन प्रकारची. एलहाउस म्हणजे घरगुती बिअर विकणारं (आजच्या पबचं जुनं रूप), टॅव्हर्न वाइनचं, आणि इन म्हणजे जिथे प्रवाशाला जेवण अंथरूण आणि घोड्याला दाणावैरण मिळायची ते. थोडक्यात, खोली असणं हीच इनची ओळख. 1577 मध्ये डोव्हर बंदराच्या दुरुस्तीसाठी कर बसवायचा म्हणून या सगळ्यांची मोजणी झाली, काही काउंट्यांचे (जिल्ह्यांचे) आकडे त्यात नाहीत, तरी एलहाउसं 14 हजारांच्या वर आणि इन साधारण 1,600 असा हिशोब निघतो. म्हणजे नऊ ठिकाणी प्यायला मिळायचं तेव्हा एखाद्या ठिकाणी झोपायला. त्यामुळे आज प्रत्येक गावातला पब आपल्या खोल्यांची परंपरा मध्ययुगापर्यंत नेतो त्यातलं बरंचसं सोडून दिलेलं बरं.

उगमाबद्दल दोन मतं आहेत. एक म्हणजे मठांचं: ख्रिस्ती मठात वाटसरूंना फुकट आसरा असायचा, यात्रेकरू वाढले, जागा पुरेना, मग मठांनी बाहेर पैसे घेऊन राहायची सोय केली, जरा आपल्या धर्मशाळेचं लॉज व्हावं तसं. ग्लॉस्टरचं न्यू इन (साधारण 1450, सेंट पीटर्स मठानं बांधलेलं, आतल्या चौकाभोवती लाकडी गॅलऱ्या) आणि ग्लॅस्टनबरीचं जॉर्ज (1475 च्या आसपास) ही नेहमीची उदाहरणं. दुसरं मत असं की बाजारपेठेच्या गावांत आणि हमरस्त्यांवर खासगी माणसांनी धंदा म्हणूनच इन काढले, मठांचे त्यात थोडेच. हे दुसरं जास्त पटतं, कारण मठवाले हिशोबाच्या वह्या ठेवायचे म्हणून त्यांचीच इन कागदावर जास्त दिसतात, साध्या इनवाल्याची वही कोण जपणार. शिवाय 1536 ते 1540 मध्ये आठव्या हेन्रीनं मठ मोडले तेव्हा इन काही बंद पडले नाहीत, फक्त मालक बदलले.

'सर्वात जुनं' हा दावा तर डझनावारी. सॉमरसेटमधल्या नॉर्टन सेंट फिलिपचं जॉर्ज इन 1397 पासूनचं लायसन्स सांगतं, पण एलहाउसला मॅजिस्ट्रेटचं लायसन्स लागू झालं ते 1552 च्या कायद्यानं, तेव्हा 1397 ला लायसन्स म्हणजे नेमकं काय हा प्रश्न उरतोच. इमारत मात्र खरोखर जुनी, चौदाव्या-पंधराव्या शतकातली: खालचा मजला दगडी, वरचे लाकडी सांगाड्याचे, रस्त्यावर पुढे आलेले. जवळच्या हिंटनच्या मठानं ती लोकरीच्या जत्रेसाठी उभारली, लोकर ठेवायला आणि व्यापाऱ्यांना राहायला. डायरीवाला सॅम्युअल पेपिस 1668 मध्ये इथे जेवला, 1685 मध्ये बंडखोर ड्यूक ऑफ मॉनमथचा तळ इथे होता. एकूण जागेचं वय, इमारतीचं वय आणि धंद्याचं वय ही तीन वेगळी वयं आहेत, पाटीवर त्यातलं सगळ्यात मोठं लिहितात.

खोली एकट्याला मिळायची हे अलीकडचं. आधी अनोळखी लोक एका पलंगावर झोपायचे. वेअर गावच्या इनमधला 'ग्रेट बेड' साधारण 1590 चा, रुंदी 3.26 मीटर. 1596 मध्ये एका जर्मन राजपुत्रानं लिहून ठेवलंय की चार जोडपी एकमेकांना न लागता शेजारी झोपतील. पाहुण्यांनी त्याच्या लाकडावर आपली आद्याक्षरं कोरलीत, लाल लाखेची मोहोरही उठवलीय, म्हणजे आपल्याकडे किल्ल्यावर नावं कोरणाऱ्यांनी फार वाईट वाटून घेऊ नये. 1931 पासून तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे.

कायद्यात इनवाल्याची जबाबदारी जड. 1584 च्या केलीच्या खटल्यापासून पाहुण्याचं सामान चोरीला गेलं तर भरपाई त्यानं द्यायची, आणि पैसे देऊ शकणाऱ्या धड अवस्थेतल्या प्रवाशाला जागा असताना विनाकारण परत पाठवायचं नाही. याच तत्त्वावर वेस्ट इंडीजचा क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन 1944 मध्ये लंडनच्या एका हॉटेलविरुद्ध जिंकला, त्याला रंगावरून खोली नाकारली होती. भरपाई मिळाली पाच गिनी, म्हणजे पाच पाउंडांच्या जरा वर. 1956 च्या कायद्यानं सामानाच्या भरपाईची मर्यादा एका वस्तूला 50 आणि एकूण 100 पाउंड ठरवली, तशी नोटीस काउंटरजवळ लावायची.

1784 मध्ये टपालाची घोडागाडी ब्रिस्टल-लंडन धावू लागली तेव्हा रस्त्यावरच्या इनची चांदी झाली, रेल्वे आली तशी ती गेली. 1830 च्या कायद्यानं दोन गिनीत कर भरणाऱ्या कुणाही घरमालकाला बिअरहाउस काढता यायला लागलं, त्यांना खोल्यांची गरजच नव्हती. पुढे सायकलवाले आणि मोटारवाले आले तसे गावाकडचे काही इन पुन्हा भरू लागले.

आजचं चित्र: रिसेप्शन वेगळं सहसा नसतंच, बारमध्ये बिअर ओतणारा माणूसच चावी देतो आणि रजिस्टर पुढे करतो, राष्ट्रकुल आणि आयर्लंडबाहेरच्या परदेशी पाहुण्यानं त्यात पासपोर्ट नंबर आणि पुढचा मुक्काम लिहायचा, 1972 च्या आदेशानुसार. जुन्या घरात लिफ्ट नसते, बॅग अरुंद जिन्यावरून आपणच चढवायची, तुळई डोक्याला लागते, जमीन इतकी कललेली की पेन ठेवलं तर घरंगळतं. इमारत संरक्षित यादीत असेल तर खिडकीसुद्धा परवानगीशिवाय बदलता येत नाही, म्हणून काच एकेरी आणि गारठा आत. किटली, टी बॅग आणि दोन बिस्किटं ट्रेमध्ये असतात. बारच्या बरोबर वरची खोली मिळाली तर शेवटच्या ऑर्डरची घंटा वाजेपर्यंत झोप विसरा. नाश्ता बहुतेकदा त्याच बारच्या टेबलांवर, कालच्या बिअरचा वास अजून गालिच्यात असतो, त्यात अंडी, सॉसेज, बेकन, बीन्स. शाकाहारींनी रात्रीच सांगून ठेवावं.