खाणबंदी आणि ‘अवलंबित’ नावाचा शब्द

२०१२च्या सप्टेंबरमध्ये खाणी बंद झाल्या, तेव्हापासून गोव्यातल्या वर्तमानपत्रांत एक शब्द रोज छापून येऊ लागला: खाणअवलंबित. मोर्चा खाणअवलंबितांचा, पॅकेज खाणअवलंबितांना, हप्ते थकले खाणअवलंबितांचे. या एका शब्दात लोहखनिज निर्यात करणारा पात्रांव (मालक) येतो, पाच टिपरांचा, म्हणजे खनिज वाहणाऱ्या ट्रकांचा, मालक येतो, त्यातल्याच एका टिपरावर रोजाने जाणारा ड्रायव्हर येतो आणि जेटीजवळ चहा-भजी विकणारी बाईही येते. चौघांचं पोट एकाच धंद्यावर होतं, हे खरंच. पण धंदा थांबला तेव्हा कोणाकडे किती महिने काढण्यापुरतं होतं, हे त्या शब्दातून कधीच कळलं नाही. डिचोली-सांखळी, कुडचडे-सावर्डे भागातल्या सामान्य माणसाचा वर्तमानपत्रांवरचा राग अजून उतरलेला नाही. त्याचं मूळ बरंचसं इथे आहे.

जुना इतिहास थोडक्यात. पोर्तुगीजांच्या १९०६च्या कायद्याने खाणींची कन्सेशन्स (उत्खननाचे हक्क) दिली जात आणि त्यांना मुदत नसे. खरं उत्खनन दुसऱ्या महायुद्धानंतर वाढलं. पन्नासच्या दशकात जपानी पोलाद कारखान्यांची मागणी आली आणि मूठभर कुटुंबांचं नशीब पालटलं. मुक्तीनंतर १९६४चा कूळ कायदा झाला, १९७६च्या दुरुस्तीने कुळाला कसत्या शेताचा मालक केलं. भाटकाराच्या (जमीनदाराच्या) हातून शेत सुटलं, पण त्याच गावच्या डोंगरावरचं कन्सेशन ज्याचं त्याच्याकडेच राहिलं. जमीन सुधारणेचं श्रेय घेणारे याबद्दल फारसं बोलत नाहीत. मुक्त गोव्याचे पहिले मुख्यमंत्री बहुजनांचे नेते होते आणि स्वतः खाणमालकही होते. त्या काळात कोणाला यात विसंगती वाटली नाही.

कन्सेशनचं रूपांतर लीजमध्ये, म्हणजे मुदतीच्या भाडेपट्ट्यात, व्हायला १९८७ साल उजाडावं लागलं. संसदेने कायदा करून मुक्तीच्या दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे २० डिसेंबर १९६१पासून, ही कन्सेशन्स रद्द ठरवली. खाणमालक न्यायालयात गेले. लीजची मुदत मोजण्याचा सगळा घोळ या कायद्यातून निघाला आणि पुढे २००७ या सालाला जे महत्त्व आलं, तेही त्याच्यामुळेच.

वर्तमानपत्रांची गोष्ट याच्या शेजारीच सुरू होते. १९६२ साली मराठी दैनिक, १९६३ साली इंग्रजी, १९७० साली आणखी एक मराठी: तिन्ही खाण घराण्यांनी काढलेली. या दैनिकांचं ऋण नाकारता येणार नाही. गोव्यातल्या मराठी वाचकाला रोजचा अग्रलेख, रविवारची पुरवणी, नवे लेखक यांनीच दिले. पुढे यातल्या एकाची मालकी बदलली, खाणींशी संबंध नसलेली दैनिकंही आली. पण घडण व्हायची ती होऊन गेली होती. शिरगावच्या विहिरी तळाला गेल्या, पिसुर्लेच्या शेतात पावसाबरोबर डंपची (खाणीतल्या टाकाऊ ढिगाची) माती उतरली, याच्या बातम्या आल्या नाहीत असं नाही. आल्या, आतल्या पानावर, तालुका वार्ताहराच्या चार ओळींत.

खरी तेजी २००० नंतरची. चीनला हलक्या प्रतीचं खनिजही हवं होतं. जे पूर्वी रिजेक्शन म्हणून डंपवर टाकलं जाई, तेही विकलं जाऊ लागलं. २००८च्या अखेरीस जगभरच्या मंदीत भाव कोसळले, पण फार दिवस खाली राहिले नाहीत. या छोट्या मंदीने खाणपट्ट्याला चुकीचा धडा दिला: भाव पडतो तसा वरही येतो. मग घरटी टिपर घेण्याची लाट आली. बँकेचं, सहकारी पतसंस्थेचं कर्ज, कधी बायकोचे दागिने. ‘गाडी मायनिंगला लागली’ म्हणजे घर मार्गी लागलं, असं समजलं जाई. २०१०-११मध्ये गोव्यातून बाहेर गेलेलं खनिज ५ कोटी टनांच्या घरात होतं. ३,७०२ चौरस किलोमीटरच्या राज्यातून.

आणि सरकारला काय मिळत होतं? ऑगस्ट २००९पर्यंत लोहखनिजाची रॉयल्टी टनामागे ठरावीक, अगदी मामुली रुपयांत होती. भाव कितीही चढला तरी तिच्यात फरक पडत नसे. त्यानंतर ती विक्रीमूल्याच्या १० टक्के झाली, २०१४मध्ये १५ टक्के. तेजीची सुरुवातीची, सर्वांत दुभती वर्षं जुन्याच दराने गेली. विषमता म्हणतात ती गोव्यात कुठून आली, याचं याहून सोपं उत्तर माझ्याकडे नाही. तेजीच्या दिवसांत पहिल्या पानावर यायचे ते टनांचे उच्चांक. रॉयल्टीचा हिशोब तिथे दिसला नाही.

७ सप्टेंबर २०१२ रोजी बेकायदा खाणकामाच्या चौकशी आयोगाचा अहवाल संसदेत ठेवला गेला. नुकसानीचा अंदाज सुमारे ३५ हजार कोटी. खाणमालकांनी तो आकडा मान्य केला नाही आणि त्याच्या हिशोबावर आजही वाद आहे. तीन दिवसांनी राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानेही स्थगिती दिली. इथून पुढची वर्षं वर्तमानपत्रांत एका शब्दाभोवती फिरली.

त्याआधी आमच्या भागात ‘खाणग्रस्त’ म्हटलं की ज्याच्या शेतात माती आली, ज्याची विहीर आटली, ज्याचं घर टिपरांच्या धुळीने लाल झालं, तो माणूस. बंदीनंतर ‘ग्रस्त’ म्हणजे बंदीने ग्रस्त, आणि त्याच्यासाठी ‘अवलंबित’ हा नवा शब्द. बघता बघता पहिला माणूस बातम्यांतून गेला. सुर्ला-पाळीत एकाच घरात दोन्ही असत: बापाचं शेत मातीखाली, मुलाची गाडी हप्त्यावर. बातमीदार यायचा तो मुलाकडे. मुलाचं दुःख खोटं नव्हतं. यार्डात गंजणारी, शेवटी परराज्यातल्या माणसाला मिळेल त्या भावाने दिलेली टिपरं मी पाहिली आहेत. पण बापाला विचारायला कोणी आलं नाही, हेही पाहिलं आहे.

आता आकड्याकडे येतो, कारण त्याच्यावर सगळं उभं होतं. आंदोलनाच्या व्यासपीठावरून ३ लाख अवलंबित असं सांगितलं जाई आणि तसंच छापलं जाई. २०११च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार. डिचोली, सत्तरी, केपे आणि सांगे (धारबांदोडा तेव्हा सांग्यातच मोजलेला) या तालुक्यांची मिळून ३ लाख ८ हजारांच्या आसपास. म्हणजे ३ लाख हा आकडा खरा मानायचा, तर खाणपट्ट्यातलं तान्हं मूल आणि खाणीविरुद्ध भांडणारा शेतकरीही त्यात धरावा लागतो. मांडवी-जुवारीवरचे बार्जवाले, मुरगावचे बंदर कामगार, फोंड्याचे गॅरेजवाले हे या तालुक्यांच्या बाहेरचे, त्यांना जोडलं तरी हिशोब जुळत नाही. जनगणनेचं कोष्टक कोणालाही पाहता येत होतं. ते शेजारी ठेवून ही बेरीज पहिल्या पानावर मांडलेली मला आठवत नाही.

फुगलेल्या आकड्याचा फायदा कोणाला झाला? मदतीच्या योजना आल्या, कर्जफेडीला सवलत आली. मदतीला कागद लागतो. टिपरमालकाकडे आरसी बुक होतं, बार्जमालकाकडे नोंदणी होती. रोजाने जाणाऱ्या ड्रायव्हरकडे, क्लीनरकडे, चहावालीकडे दाखवण्यासारखं काय होतं? आणि सर्वांत वर असलेल्याला मदत नको होती. त्याला खाण जुन्या नावावर परत सुरू व्हायला हवी होती, आणि त्या मागणीसाठी चहावालीची भूक व्यासपीठावर मांडली जात होती. हे मी रागाने लिहितो, हे मान्य आहे.

२१ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लीज २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती, म्हणजे त्यानंतरचं उत्खनन बेकायदा. वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा आली आणि विक्रीच्या १० टक्के रकमेचा कायमस्वरूपी निधी पुढच्या पिढ्यांसाठी उभा करायला सांगितला. त्यानंतर राज्याने लिलाव न करता ८८ लीजचं नूतनीकरण केलं. काही नूतनीकरणं तर जानेवारी २०१५मध्ये, लिलाव बंधनकारक करणारा केंद्राचा वटहुकूम येण्याच्या तोंडावर. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ती सगळी रद्द झाली, १६ मार्चपासून खाणी पुन्हा थांबल्या आणि १९ मार्चला पणजीत मांडवीच्या पुलांवर रास्ता रोको व लाठीमार झाला. त्या दिवशीचे फोटो सर्वांनी छापले. लाठी खाणाऱ्यांत टिपरमालक होते, ड्रायव्हर होते. ज्यांच्या नावावर लीज होती, ते त्या फोटोंत नव्हते.

२०२१मध्ये फेरविचाराच्या याचिका फेटाळल्या गेल्या, २०२२च्या डिसेंबरमध्ये खाणींचे पहिले ब्लॉक (आखून दिलेली खाणक्षेत्रं) लिलावात गेले, २०२४मध्ये डिचोलीत पुन्हा यंत्रं चालू झाली. मधे २०२०च्या टाळेबंदीत पर्यटनही बसलं, तेव्हा खाणपट्ट्यातून कळंगुट-बागाच्या हॉटेलांत कामाला गेलेली मुलं दुसऱ्यांदा घरी परतली. त्यांची नोंद पर्यटनाच्या बातम्यांत झाली नाही, खाणीच्याही नाही.

२०१५च्या केंद्रीय दुरुस्तीत जिल्हा खनिज निधी आला. तो ज्यांच्यासाठी आहे, त्यांना कायदा ‘बाधित’ म्हणतो. डिचोली ब्लॉकच्या हद्दीत मुळगाव, मये, शिरगाव या गावांचे भाग येतात. घरं, देवळं, शेतं, तळी ब्लॉकमधून वगळा, ही तिथल्या ग्रामस्थांची मागणी खाण सुरू होण्याआधीपासूनची आहे.