दहा हजारांचा कौल आणि चारशेंची पाहणी

सोशल मीडियावर कौल कसा घ्यायचा हे आता कुणाला शिकवायला नको. दोन पर्याय टाकायचे, दिवसभर थांबायचं, टक्के हातात. मला खटकतं ते त्यानंतरचं वाक्य: "आम्ही सर्व्हे केलाय." नाही हो, कौल घेतलात. सर्व्हे, म्हणजे नमुना पाहणी, ही वेगळी गोष्ट आहे.

किरकोळ गोंधळ आधी उरकून टाकू. रीच म्हणजे किती खात्यांपर्यंत पोचलं, इम्प्रेशन म्हणजे किती वेळा दिसलं. एकाच वहिनींनी चारदा पाहिलं तर रीच एक, इम्प्रेशन चार. फेसबुकवर व्हिडिओ जेमतेम चालला तरी व्ह्यू धरला जातो, तेव्हा त्या आकड्यावर फार मिरवू नये. प्रश्न कसा विचारला यानं उत्तर बदलतं, पण ते कौल आणि पाहणी दोन्हीकडे लागू आहे. झालं.

आता खरी मेख. कौलात उत्तर देणारा स्वतः येतो. पाहणीत कुणाला विचारायचं ते आपण आधी ठरवतो, तेही चिठ्ठ्या टाकून, आपल्या मर्जीनं नव्हे. एवढाच फरक. पण सगळं घोडं इथंच पेंड खातं.

समजा इंदूरच्या सुदामानगरातल्या एक काकू दिवाळीचा फराळ करून विकतात. त्यांनी इन्स्टाग्रामच्या स्टोरीवर विचारलं, "भाजणीची चकली पाचशे रुपये किलोनं घ्याल का?" दहातल्या नऊ जणांनी 'हो' दाबलं. काकूंनी त्याच भरवशावर भाजणी दळून आणली. आता त्यांच्या खात्याच्या इनसाइट्समध्ये, म्हणजे कोण बघतं त्याच्या आकडेवारीत, शहरांची यादी उघडून बघा. वर पुणं, मग मुंबई, मग इंदूर. माहेरची माणसं, भाच्या, शाळेच्या मैत्रिणी. काकूंचं कौतुक सगळ्यांना आहे, पण त्यांतली बहुतेक माणसं इंदुरात राहतच नाहीत. ज्याला पाचशे रुपये महाग वाटले त्यानं 'नाही' दाबलंच नाही, स्टोरी पुढे सरकवली. गप्प राहिलेल्याचं मत कौलात कुठंच उमटत नाही.

इथं हमखास उत्तर येतं: "मग जास्त लोकांना विचारू, दहा हजार मतं गोळा करू." याच समजुतीचा मला मनापासून वीट आलाय. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण सगळी शितं वरचीच चेपून पाहिली तर तळ लागलाय हे कळणार कसं? आणखी हजार शितं वरचीच घ्या, तळ लागलेलाच राहील. संख्या वाढवल्यानं योगायोगाची चूक कमी होते. निवडीतला कल तसाच राहतो, आणि वर तो खात्रीलायक वाटायला लागतो, हे जास्त वाईट.

उलट निवड चिठ्ठी टाकून केली असेल तर थोडी माणसं पुरतात. २०११च्या जनगणनेत इंदूर शहराची लोकसंख्या १९ लाखांच्या वर होती. त्यातून ४०० जण असे निवडले आणि ते सगळे बोलले, तर टक्केवारीतली चूक बहुतेक वेळा पाचच्या आत राहते. "निदान शहराचे एक टक्का तरी हवेत ना?" नकोत. शहर दुप्पट मोठं असलं तरी ४००च पुरतील. चूक निम्मी करायची असेल तर मात्र १,६०० लागतात.

२०२१ साली अमेरिकेत फेसबुकमार्फत कोविडची पाहणी चालायची. दर आठवड्याला सुमारे अडीच लाख उत्तरं. निमंत्रणं नीट निवडून जात होती, पण उत्तर देणारे शंभरात एखाद-दोघं. वय आणि लिंग यांचा हिशेब जुळवून आकडे दुरुस्तही केले जात. तरी त्या मे महिन्यात लस घेतलेल्यांचं प्रमाण सरकारी नोंदीपेक्षा शंभरात १७ माणसांनी जास्त आलं, आणि जेमतेम हजार माणसांची दुसरी एक पाहणी सत्याच्या बरीच जवळ होती. म्हणजे 'आम्ही आकडे ॲडजस्ट केलेत' या वाक्यानंही भुलू नका. वय जुळवता येतं. उत्तर द्यायची हौस कशी जुळवणार?

आपल्याकडे ही शिस्त जुनी आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४०च्या दशकात पिकाच्या उताऱ्याचा अंदाज बांधायला हीच रीत वापरली. गाव, शेत, शेतातला तुकडा, सगळं चिठ्ठीनं ठरवायचं आणि तेवढाच तुकडा कापून तोलायचा. नजरेला चांगला दिसला म्हणून घेतलेला तुकडा चालत नाही.

काकूंना परवडेल असं काय? गेल्या वर्षीची बिलबुकं काढा. पहिल्या दहा बिलांतलं एक चिठ्ठीनं उचला आणि तिथून पुढं प्रत्येक दहावं. त्या माणसाला फोन करा. उचलला नाही तर संध्याकाळी करा, रविवारी करा. चिडून अकराव्याला लावायचा नाही, कारण मग पुन्हा फोन उचलणाऱ्यांचाच कौल होतो. आणि बिलबुकात फक्त जुनी गिऱ्हाइकं असतात. इंदुरातल्याच विजयनगरातली माणसं काकूंकडं का येत नाहीत, हे ना त्यातून कळेल, ना स्टोरीवरून. त्यासाठी विजयनगरातच दारं ठोठवावी लागतील.