ह्मोंगांचा पहिला अंगरखा

ह्मोंग ह्या आग्नेय आशियातल्या डोंगरी लोकांच्या भाषेत वारेला जो शब्द आहे, त्याचा साधा अर्थ अंगरखा. पोटातल्या बाळाचं पहिलं वस्त्र. लाओसच्या डोंगरांत मुलगा झाला की त्याची वार घराच्या मधल्या मेढीपाशी पुरत, मुलगी झाली की आईबापांच्या अंथरुणाखाली. घरातली जमीन मातीचीच, खणायला अडचण नसे. माणूस मेला की त्याचा आत्मा आयुष्यभर जिथे जिथे राहिला ती गावं उलट्या क्रमाने घेत जन्मघरी पोचतो, पुरलेला अंगरखा अंगावर चढवतो आणि मग पूर्वजांकडे निघतो. अंगरखा मिळाला नाही तर उघडाच भटकत राहतो. अमेरिकेतल्या इस्पितळात हीच वार सहसा जैविक कचऱ्यात जाते.

अमेरिकेत आलेल्या ह्मोंगांची परंपरा आणि तिथलं पाश्चात्त्य वैद्यक ह्यांच्यातल्या वादाची सुरुवात बाळंतपणाच्या खोलीत झाली असं समजलं जातं. मला ती युद्धात दिसते.

ह्मोंग मूळचे दक्षिण चीनचे. एकोणिसाव्या शतकात चिनी सत्तेच्या जाचामुळे त्यांच्यातले बरेच जण व्हिएतनाम, लाओस आणि थायलंडच्या डोंगरांत उतरले. जंगल जाळून भात, मका आणि अफू पिकवत राहिले. १९६१ पासून अमेरिकेच्या सीआयएने लाओसमधल्या ह्मोंगांना कम्युनिस्टांशी लढायला जनरल वांग पाओ ह्या ह्मोंग सेनानीच्या हाताखाली गुप्त सैन्यात भरती केलं. मे १९७५ मध्ये ह्या सैन्याचा लाँग तिएंगचा तळ कम्युनिस्टांच्या हाती पडला. वांग पाओ आणि काही हजार लोक विमानाने निसटले, बाकीचे मागे राहिले. ते पायी जंगलातून मेकाँगकडे निघाले. रडण्याने माग लागू नये म्हणून आया तान्ह्या मुलांना अफू चाटवत. मात्रा चुकून काही मुलं दगावली. नदीपलीकडे थायलंडमध्ये बान विनायसारख्या छावण्या, आणि तिथून अमेरिका, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया. अमेरिकेने त्यांना आधी जाणूनबुजून विखरून वसवलं, पण भावकी सोडून राहणं त्यांना जमेना. हळूहळू ते कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो, मर्सेड आणि मिनेसोटातल्या सेंट पॉलकडे एकत्र येत गेले. २०१० च्या जनगणनेत अमेरिकेतले ह्मोंग सुमारे २ लाख ६० हजार भरले.

छावण्यांतच एक अफवा पिकली होती, की अमेरिकेतले डॉक्टर माणसांचं काळीज नि मेंदू खातात. हसू येईल, पण ज्यांचं अख्खं गाव बॉम्बने उडालं, त्यांनी परक्यांवर किती विश्वास ठेवावा?

डोंगरातली बाई घरातच, बुटक्या स्टुलावर किंवा उकिडवी बसून बाळंत होई. आधाराला सासू, नाहीतर नवरा. ओरडायचं नाही, तोंडातून आवाज काढायचा नाही. नंतर तीन दिवस चुलीच्या उबेला आणि पुढे पूर्ण महिना गरम भात आणि औषधी पाला घालून उकडलेली कोंबडी, एवढंच. गार पाणी, फळं, कच्च्या भाज्या बंद. गारठ्याने रक्त गोठतं आणि म्हातारपणी हाडं दुखतात, अशी समजूत. बाळंतिणीने महिनाभर दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकायचं नाही. आपल्या आज्यांना ह्यात काही नवल वाटलं नसतं. शेक-शेगडी, सुवेर आणि वार पुरणं त्यांच्याही ओळखीचं.

तिसऱ्या दिवशी ‘हू प्ली’, म्हणजे आत्म्याला हाक मारण्याचा विधी. कोंबड्या, अंडी, उदबत्ती दाराशी ठेवून बाळाच्या आत्म्याला घरी बोलवायचं, नाव ठेवायचं, मनगटावर पांढरे दोरे बांधायचे. ह्या विधीआधी बाळ गेलं तर त्याचे मोठ्या माणसासारखे अंत्यविधी होत नसत. डोंगरातलं बाळंतपण काही गोड नव्हतं. मूल आडवं आलं, रक्तस्राव थांबला नाही, तर हाताशी फारसा उपाय नसे. तीन दिवस थांबण्यामागे हेही असावं.

आत्मा भित्रा. मोठ्या आवाजाने, दुःखाने, भूल दिल्यानेही तो निसटतो आणि माणूस आजारी पडतो. म्हणून सिझेरियनला नकार. शरीर चिरलं की पुढचा जन्म अपुरा येईल ही भीती वेगळीच. रक्त ठरावीकच असतं, काढलं की भरून येत नाही, म्हणून तपासणीच्या सुईला नकार. परक्या पुरुषाने आतून तपासणं तर लाजेने मरण्यासारखं. मर्सेडमधल्या काही बायका हे सगळं टाळायला शेवटच्या कळेपर्यंत घरी थांबत, आणि मूल मग इस्पितळाच्या वाहनतळात, कधी लिफ्टमध्ये होई.

सगळ्यांत जास्त गोंधळ भाषेने घातला. ‘गर्भाशय’ हा शब्द सासूला समजावायला दहा वर्षांचा मुलगा पुढे केलेला. डॉक्टर बाईकडे सही मागत, पण निर्णय नवऱ्याचा आणि कुळातल्या वडीलधाऱ्यांचा. तो होईपर्यंत थांबायला वेळ नसे. कौतुकाने नर्स म्हणे ‘किती गोंडस बाळ!’, आणि आईच्या पोटात गोळा येई. हे ऐकून ‘दा’, म्हणजे पिशाच, बाळ उचलून नेईल! म्हणून तर टोपीवर रंगीत फुलं भरतात, वरून बघणाऱ्याला हे मूल नाही, फूल वाटावं. तीट लावणाऱ्यांना हे पटायला वेळ लागणार नाही. नर्सला कोण सांगणार?

बदल झाले ते हळू. काही वॉर्डांत बर्फाच्या पाण्याऐवजी कोमट पाणी मिळू लागलं, घरच्या कोंबडीचा डबा आत येऊ लागला. त्यात घालायचा पाला परसात लावतात. मर्सेडच्या एका इस्पितळाने २००९ मध्ये लेखी धोरण करून ‘त्सी नेंग’ला, म्हणजे ह्मोंग भगताला, हळू आवाजात मंत्र म्हणण्याची आणि आत्म्याला हाक मारण्याची मुभा दिली. वार घरी नेण्याचा हक्क काही राज्यांत कायद्याने मिळाला, हवाईत २००६ मध्ये. तिथे मागणी हवाईच्या मूळ रहिवाशांची होती. आणि बरेच ह्मोंग आता ख्रिस्ती आहेत, त्यांच्यातले कित्येक भगताला दारातही उभं करत नाहीत.

शिवाय भाड्याच्या फ्लॅटमध्ये मेढ नसते, आणि फरशीखाली माती नसते.

अंत्यविधीला वाट सांगणारा गायक आजही मृताच्या कानाशी गावं मोजतो. सेंट पॉल, त्याआधी फ्रेस्नो, त्याआधी बान विनाय, त्याआधी नदी, त्याआधी डोंगरातलं ते घर. अमेरिकेतच जन्मलेल्यांची यादी मात्र तिथल्याच कुठल्यातरी इस्पितळाच्या गावापाशी थांबते.