काळं पडलेलं काडतूस आणि कळकलेलं काडतूस

पितळ काळं पडणं वेगळं आणि पितळ कळकणं वेगळं. नाशकाच्या भांडी बाजारात ज्यांचा जन्म गेला, त्यांना हे सांगावं लागत नाही. पण लायसनच्या बंदुकीबरोबर जुन्या पेटीतून बारा बोअरची (छऱ्यांच्या बंदुकीची) वीस-पंचवीस काडतुसं निघाली की नेमका हाच फरक विसरला जातो. नुसती काळपट काडतुसं वाईट ठरतात आणि चिंच-मिठाने लखलखीत केलेली कळकलेली काडतुसं नळीत जातात.

काळेपणा हा हवेने चढलेला पातळ थर. तपकिरी, चॉकलेटी किंवा काळा, पण बहुतेक सगळीकडे सारखा. कोरडं सुती फडकं फिरवलं तर थोडा डाग येतो, नख कुठे अडकत नाही. खालचं पितळ शाबूत असतं. आतली दारू आणि टोपी (बुडातली छोटी वाटी, ठोका बसला की पेटून दारूला आग देते ती) शाबूत आहे, असं मात्र यावरून म्हणता येत नाही.

कळक ओलाव्याबरोबर आम्ल किंवा क्षार आला की धरतो. कातडी पट्ट्यात खोवून ठेवलेल्या काडतुसांवर तो हमखास दिसतो, कारण कमावलेल्या कातड्यात आम्लं असतात. हिरवट-निळसर भुकटी डागाडागांनी बसते: टोपीभोवती, मागच्या कडेखाली आणि पितळ व कागदी नळकांडं जिथे भेटतात तिथे. भुकटी कोरड्या फडक्याने टिपा आणि खिडकीच्या उजेडात दहापट भिंगातून पाहा. खड्डा दिसला, नख अडकलं किंवा लालसर ठिपका आढळला, तर ते काडतूस बाद. लाल ठिपका म्हणजे पितळातलं जस्त निघून गेलंय आणि उरलंय ते पोकळ तांबं. बारा बोअरच्या नेहमीच्या काडतुसात दाब 740 बारपर्यंत, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे 740 पट, जाऊ शकतो. खाल्लेलं पितळ तिथे फाटलं की तापलेला वायू मागे, चालवणाऱ्याच्या तोंडावर येतो.

दोन रंग उगाच घाबरवतात. टोपीभोवती हिरवी, लाल किंवा जांभळी कडी असते, ती ओल अडवणारी लाखेसारखी वार्निश. ती सारखी, चकचकीत असते आणि भुकटी होऊन सुटत नाही. दुसरा, रायफलच्या काडतुसाच्या मानेवरचा (गोळी धरणाऱ्या पुढच्या अरुंद भागावरचा) निळसर झाक मारणारा पट्टा: मान तापवून मऊ केल्याची खूण. मान ताणलेली राहिली तर काय होतं, हे ब्रिटिशांच्या हिंदुस्थानातल्या फौजेने पाहिलं. पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेल्या काडतुसांना घोड्यांच्या मुताच्या अमोनियाने उभ्या चिरा पडत. याचं नीट कारण 1921 मध्ये मांडलं गेलं. म्हणून काडतुसं गोठ्याला लागून असलेल्या खोलीत ठेवायची नाहीत, आणि केसाएवढी चीर दिसली तरी ते काडतूस वापरायचं नाही.

कळक आतूनही येतो, आणि तो जास्त वाईट. दारू जुनी होऊन सडू लागली की आम्लाची वाफ सोडते. नाकाला झोंबणारा आंबट वास किंवा फटीतून तांबूस धूळ आली, तर त्या डब्यातलं एकही काडतूस वापरू नका.

इगतपुरी-त्र्यंबककडच्या पावसात कागदी नळकांडं फुगतं. फुगलेलं काडतूस दाबून बसवायचं नाही. ओल खाल्लेला बार फुसका गेला तर बूच (दारू आणि छरे यांच्यामधला गट्टू) नळीतच अडकतं आणि पुढच्या बाराला नळी फुटते. म्हणून फुसका आवाज आला की थांबा, बंदूक रिकामी करा, मागून नळीत उजेड दिसतो का ते पाहा. बार उडालाच नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान एक मिनिट बंदूक उघडू नका. टोपी उशिरा पेटू शकते.

चिंच, लिंबू, पॉलिश यांतलं काहीही काडतुसाला लावू नका. आम्ल टोपीच्या फटीत उतरतं आणि खड्डे दाखवणारा रंगही पुसला जातो. तेल टोपीत झिरपून तिला मुकी करतं. काडतूस फोडून दारू काढणं, पुरणं, नदीत टाकणं किंवा भंगारात देणं, हेही नको. लायसन संपलं असेल, तर शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 21 प्रमाणे काडतुसं जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागतात. घरात लायसनच नसेल, तर ती हलवण्याआधी ठाण्याला फोन करा.

देवळालीच्या तोफखान्याच्या सराव क्षेत्राजवळ शेतात काही सापडलं, तर वरचं काहीच लागू नाही. तिथे काळं की हिरवं हे बघायला वाकूही नका. लांबूनच जागा लक्षात ठेवा, माणसं-गुरं दूर करा आणि 112 ला कळवा.