गाणं ऐकणं वेगळं, ठोक्यावर चालणं वेगळं

अर्धांगवायूच्या पेशंटच्या उशाशी मोबाइलवर अभंग लावायचे आणि ‘म्युझिक थेरपी चालू आहे’ म्हणायचं, हे बऱ्याच घरांत चालतं. अभंग जरूर लावा. पण त्याने पाय उचलला जाईल, ही आशा भलत्या ठिकाणी आहे.

ऐकण्याचा फायदा खरा आहे. हेलसिंकीतला २००८ सालचा अभ्यास प्रसिद्ध आहे: स्ट्रोकनंतर दोन महिने, रोज निदान तासभर आवडीचं संगीत. त्या गटात शब्द लक्षात राहणं आणि लक्ष लागणं जास्त सुधारलं, मनाची मरगळही कमी दिसली. म्हणजे फायदा झाला तो डोक्याला.

पायांसाठी लागतो तो ठोका. अमेरिकेत कोलोरॅडोतले संशोधक मायकेल टाउट आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये सहा आठवडे, दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास पेशंटना तालावर चालवलं. नेहमीचाच व्यायाम केलेल्या गटापेक्षा त्यांचा वेग आणि पावलाची लांबी जास्त वाढली.

यात सुरुवात गाण्याने होत नाही, मोजण्याने होते. समजा आजोबा अर्ध्या मिनिटात ३० पावलं टाकतात. म्हणजे मिनिटाला ६०. मेट्रोनोम (ठरावीक वेगाने टिक-टिक ठोके देणारं यंत्र) ६० वरच लावायचा, एका ठोक्याला एक पाऊल. ते जमलं की ६३, मग ६६. शेवटी ठोका मधूनमधून बंद करून बघायचं, लय अंगात उतरली का ते. कमजोर पायावर भार द्यायची भीती असते, म्हणून चांगला पाय घाईने टेकतो आणि दुसरी चप्पल मागून फरफटत येते. ‘उचला, उचला’ हे आपलं ओरडणं नेहमी उशिरा पोचतं. ठोक्याचं तसं नसतं. पुढचा कधी पडणार हे कानाला आधीच ठाऊक असतं, त्यामुळे पाय वेळेवर तयारीला लागतो.

मग अभंगाच्याच ठेक्यावर का चालू नये? चालता येईल, पण लय पेशंटच्या पावलाची हवी. भजन रंगात आलं की लय चढते. टाळकऱ्यांना मजा, आजोबांचा तोल जायचा.

तोलासाठीही ठोका वापरतात, उभ्या उभ्या वजन डावीकडून उजवीकडे न्यायला. मात्र चालण्याबाबतचा पुरावा जास्त भक्कम आहे. वेग किती वाढवायचा ते फिजिओथेरपिस्टला ठरवू द्या, आणि पहिले काही दिवस कमजोर बाजूला कुणीतरी उभं हवंच.